पावतीचे पैसे, वरचे पैसे

धरमपेठेत आज नांगर कुणी धरत नाही, पण वावर मात्र पुष्कळांचे आहे. लक्ष्मीभुवन चौकातला डॉक्टर, हायकोर्टात जाणारा वकील, झेंडा चौकाजवळचा दुकानदार, निवृत्त प्राध्यापक, यांना जरा बोलते केले की काटोल, कळमेश्वर, सावनेर, उमरेड यांपैकी कुठल्या तरी तालुक्यात त्यांची पाच-पंधरा एकर निघतेच. कुणी जुन्या मालगुजारांच्या घरातले, कुणी नोकरीच्या पैशातून संत्र्याची बाग केलेले. मृग लागला की गोकुळपेठेच्या बाजारात भाजी निवडता निवडता 'तिकडे आला काय जी?' असे विचारतात. ही चौकशी पाहुण्याची नसते, पावसाची असते.

माझे आजोळ त्यातलेच. मामांचे घर धरमपेठेत, वावर काटोलच्या अलीकडे. काही वर्षांपूर्वी ते घर फ्लॅट स्कीमला गेले तेव्हा माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरवली. सातबाऱ्याचे उतारे, खताच्या पावत्या, संत्र्याच्या दलालाच्या चिठ्ठ्या आणि तळाशी, मेणकापडात गुंडाळलेले एका ट्रॅक्टरचे आरसी बुक. ट्रॅक्टर आम्हा भाचरांच्या चांगल्या ओळखीचा होता. दोन सिलिंडरचा झेटर. उन्हाळ्याच्या सुटीत त्याच्या मडगार्डवर बसून आम्ही ओढ्यापर्यंत जायचो. पण आरसी बुकावरचे नाव मामांचे नव्हते. ते कुणा भलत्याच माणसाचे होते. त्याला आम्ही कधी पाहिलेले नव्हते, त्याचे नावही घरात कधी ऐकलेले नव्हते.

मामीला विचारले. मामी सुपारी कातरत म्हणाली, "तो होय? तो नंबरवाला."

हे प्रकरण त्या नंबरवाल्याबद्दल आहे. ट्रॅक्टरचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत हॉर्सपॉवर असते, कारखाने असतात, हरितक्रांती असते. नंबरवाला नसतो. पण युद्धाच्या आणि टंचाईच्या काळात शेतकऱ्याला ट्रॅक्टर कसा मिळाला, हे समजून घ्यायचे तर त्याच्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही.

युद्ध सुरू झाले की बाजारातून ट्रॅक्टर का नाहीसा होतो, याचे उत्तर त्याच्या गोतावळ्यात आहे. ट्रॅक्टर आणि रणगाडा हे सख्खे चुलतभाऊ. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना रणगाड्याची कल्पना सुचली ती अमेरिकेतल्या होल्ट कंपनीचे पट्ट्यांवर चालणारे ट्रॅक्टर चिखलातून तोफा ओढताना पाहून. ओतकाम तेच, गिअर तेच, कारागीर तेच. त्यामुळे तोफखान्याला यंत्रे लागली की पहिली नजर ट्रॅक्टरच्या कारखान्यावर जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत रशियात स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्यातून टी-34 रणगाडे बाहेर पडू लागले. चेल्याबिन्स्कच्या ट्रॅक्टर कारखान्यात तर रणगाड्यांची इतकी मोठी उभारणी झाली की लोक त्या शहराला 'टँकोग्राड' म्हणू लागले. मागे उरलेल्या गावांत बायकांनी स्वतःला नांगराला जुंपून घेतले.

अमेरिकेत लढाई घराच्या दारात आली नव्हती, तरी 1942 साली तिथे शेती-अवजारांचे रेशनिंग आले. नवा ट्रॅक्टर हवा असेल तर पैसे असून भागत नसे. जिल्ह्याच्या समितीपुढे अर्ज करायचा, जुने यंत्र का चालत नाही ते पटवून द्यायचे, मग खरेदीचे प्रमाणपत्र. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिंगापूर पडले आणि मलायाचे रबर जपानच्या हाती गेले. परिणाम असा, की जे ट्रॅक्टर बनत होते त्यांना टायर मिळेनात. फोर्ड-फर्ग्युसनचा 1942चा '2एन' लोखंडी चाकांवर विकला गेला. त्याला बॅटरी आणि सेल्फ-स्टार्टरही नव्हता, पुढे हँडल मारून चालू करायचा. रबरी टायरच्या ट्रॅक्टरची सवय झालेल्या शेतकऱ्याला दहा वर्षे मागे गेल्यासारखे वाटले असणार. पण तक्रार कोण करणार? मिळाला हेच नशीब.

ब्रिटनचा रस्ता वेगळा. तिथे दर परगण्यात युद्धकालीन शेती समित्या बसल्या. त्यांनी स्वतःच ट्रॅक्टर बाळगले आणि शेतकऱ्यांना नांगरट करून दिली. जो नीट पिकवत नाही त्याची जमीन ताब्यात घेण्याचा अधिकारही त्यांना होता. डॅगनमच्या कारखान्यातला फोर्डसन ट्रॅक्टर आधी केशरी रंगाचा असे. विमानातून दिसू नये म्हणून त्याला हिरवा रंग फासला. आपल्याकडे बैलांची शिंगे रंगवतात ती पोळ्याला. तिकडे बाँबच्या भीतीने ट्रॅक्टर रंगवले.

आता काळ्याबाजाराकडे वळू. अमेरिकेत नव्या ट्रॅक्टरची किंमत सरकारने बांधली होती, पुढे जुन्यालाही कमाल किंमत लावली. पण नवा मिळत नाही म्हटल्यावर शेतीच्या लिलावांत वापरलेला ट्रॅक्टर नव्यापेक्षा जास्त पैशांना जाऊ लागला. मग युक्त्या निघाल्या. तिकडच्या शेतकरी कुटुंबांत अजून सांगतात, की ट्रॅक्टर सरकारी भावातच विकायचा, फक्त त्याच्यासोबत एखादा म्हातारा कुत्रा किंवा कोंबडा घ्यावा लागायचा, आणि त्या कोंबड्याची किंमत काही शे डॉलर. कागदावर सगळे कायदेशीर. कोंबड्याला कमाल किंमत लावण्याचे कुणाला सुचले नव्हते.

या कोंबड्याला आपल्याकडे एक छोटा शब्द आहे. 'ऑन'. स्कूटर ऑनमध्ये घेतली, सिमेंट ऑनमध्ये आणले, ट्रॅक्टरवर इतका ऑन पडला. पावतीचे पैसे वेगळे, वरचे पैसे वेगळे. ज्यांची तरुणपणची वर्षे 1960 ते 1980च्या दरम्यान गेली, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

पण आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात ट्रॅक्टरचा ऑन नव्हता, कारण ट्रॅक्टरच जवळजवळ नव्हते. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते. इथल्या शेतकऱ्याला युद्ध भेटले ते लोखंडाच्या रूपात. 1941 साली लोखंड आणि पोलादाच्या वाटपावर नियंत्रण आले, आणि बंडीच्या चाकाची धाव हीसुद्धा परमिटची वस्तू झाली.

धाव म्हणजे लाकडी चाकावर बसवलेली लोखंडी पट्टी. ज्यांनी ती चढवताना पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पट्टीचे कडे चाकापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्या रचून त्यात ते कडे लालबुंद होईपर्यंत तापवतात. तापले की कडे फुगते. मग चौघे जण लांब सांडशीने ते उचलून चाकावर ठेवतात, घणाने ठोकून बसवतात, लाकडातून धूर आणि ज्वाळा निघत असतानाच घागरीच्या घागरी पाणी ओततात. चर्रर आवाज होतो, कडे आवळते आणि चाकाचे आरे कुरकुरत एकमेकांत घट्ट बसतात. धाव झिजली की चाक खिळखिळे, चाक खिळखिळे की बंडी बंद, बंडी बंद की कापूस जिनिंगला कशावर न्यायचा? म्हणून युद्धाच्या काळात जुनी, कागदासारखी पातळ झालेली धावसुद्धा कुणी भंगारात टाकत नसे. मोडक्या बंडीची धाव काढून दुसऱ्या बंडीला बसवायची. ज्याच्याकडे परमिट होते त्याची ऐट वेगळी. काम चालले नाही तर त्याने ते परमिट कुणाला 'दिले' तरी कुणी नवल करत नसे.

पेट्रोलचे रेशनिंगही 1941लाच सुरू झाले होते. मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी लावून तिच्या गॅसवर गाड्या चालायच्या. चढावर उतारूंनी उतरून ढकलायचे. जर्मनीत याच तत्त्वावर, लाकूड जाळून निघणाऱ्या गॅसवर, ट्रॅक्टर चालवले गेले. आपल्याकडे बैल होते, त्यांना पेट्रोल लागत नव्हते. महायुद्धात विदर्भाची शेती बंद पडली नाही याचे श्रेय गवळाऊ बैलांना द्यायला हवे, ते क्वचितच कुणी देतो.

शस्त्र आणि नांगर यांचा व्यवहार उलट दिशेनेही होतो. पहिल्या महायुद्धात किर्लोस्करांच्या नांगरांना कच्चे लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा तसेच काहीसे मोठ्या प्रमाणावर घडले. आसाम-बर्मा आघाडीवर रस्ते आणि धावपट्ट्या करायला अमेरिकन सैन्याने अवजड ट्रॅक्टर आणले होते. परत न्यायचा खर्च परवडेना म्हणून ते इथेच टाकले. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द त्या काळातला. जीपपासून बुटापर्यंत सगळे डिस्पोजलमध्ये मिळे. या सोडून दिलेल्यांपैकी सुमारे 200 ट्रॅक्टर जमवून केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली.

तिला काम दिले कांसाविरुद्ध. कांस हे शरदात पांढरे तुरे मिरवणारे गवत. दिसायला देखणे, पण मुळे इतकी खोल जातात की बैलाचा नांगर वरवर खरवडतो आणि पुढच्या पावसात कांस दुप्पट जोमाने येते. सागर, दमोह, होशंगाबाद या भागात त्याने लाखो एकर जमीन पडीक करून ठेवली होती, आणि हे जिल्हे तेव्हा नागपूरच्याच राज्यकारभाराखाली होते. फाळणीनंतर अन्नधान्याची ओढाताण होती. जागतिक बँकेने भारताला दिलेल्या पहिल्या काही कर्जांत, सप्टेंबर 1949 मध्ये, 1 कोटी डॉलरचे एक कर्ज होते ते याच कामासाठी, म्हणजे कांस उपटणारे अवजड ट्रॅक्टर घेण्यासाठी. रेल्वेचे कर्ज त्याच्या महिनाभर आधीचे. देशाने जगाकडे हात पसरून मागितलेल्या दुसऱ्या गोष्टीचे नाव ट्रॅक्टर होते, हे मला नेहमी लक्षात ठेवावेसे वाटते.

पण हे ट्रॅक्टर सरकारचे. शेतकऱ्याच्या दारात ट्रॅक्टर यायला अजून अवकाश होता. 1951 साली सगळ्या देशात मिळून साडेआठ हजारांच्या आसपास ट्रॅक्टर होते. 1961ला ते 31 हजार झाले. तोवर येणारा जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर बोटीतून येत होता. आयशरने फरिदाबादला 1959 साली पहिला देशी ट्रॅक्टर बाहेर काढला, मद्रासला टॅफे सुरू झाली, मुंबईत महिंद्रांची अमेरिकन इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबरची कंपनी अजून निघायची होती. 1961-62मध्ये देशातले उत्पादन होते 880. एका जिल्ह्यालाही पुरणार नाही इतके. केंद्रात शेतीमंत्री होते आपल्या अमरावतीकडचे पंजाबराव देशमुख. त्यांच्याच कारकिर्दीत राजस्थानात सुरतगडला सोव्हिएत यंत्रांचे प्रचंड फार्म निघाले, दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरले. लोकांनी ट्रॅक्टर डोळे भरून पाहिला आणि घरी येऊन बैल जुंपले.

मग एकामागून एक झटके बसले. 1962ला चीन. 1965ला पाकिस्तान, आणि त्याच वर्षी पाऊस गेला. 1966लाही गेला. जून 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, 4 रुपये 76 पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. परकी चलन जे होते ते आधी शस्त्रांना, मग गव्हाला, मग खताला. ट्रॅक्टरचा नंबर शेवटी. आणि नेमका याच वेळी शेतकऱ्याला ट्रॅक्टर हवासा झाला. बुटका गहू आला, संकरित ज्वारी आली, विहिरींवर इंजिने बसली. एक पीक निघाले की दुसऱ्यासाठी वावर लगेच तयार हवे, आणि बैलांना तेवढी घाई झेपत नाही. 1969 साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. ज्या बँकेच्या पायऱ्या शेतकरी चढला नव्हता, तिचा मॅनेजर आता गावात येऊन ट्रॅक्टरला कर्ज घेता का म्हणून विचारू लागला. पैसा उभा राहिला, मागणी उभी राहिली, माल नव्हता.

डॉलर नसल्यामुळे सरकारने रुपयात व्यवहार करणाऱ्या समाजवादी देशांकडे मोर्चा वळवला. चेकोस्लोव्हाकियाचा झेटर, पोलंडचा उर्सुस, सोव्हिएत संघाचे बेलारूस आणि डीटी-14, रुमानियाचा युनिव्हर्सल. आपल्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी युरोपचा भूगोल शिकला तो असा. त्यातले बरेच ट्रॅक्टर राज्यांच्या कृषी उद्योग महामंडळांमार्फत वाटले जात. महाराष्ट्राचे महामंडळ 1965 साली निघाले, मुख्यमंत्री होते पुसदचे वसंतराव नाईक. गाडी आली तरी तिचे सुटे भाग येतीलच असे नव्हते, त्यामुळे गावोगावचे मिस्त्री हुशार झाले. एका गाडीचे बेअरिंग दुसरीला, दुसरीचा पंप तिसरीला. आमच्या झेटरच्या पोटात किती देशांचे सामान होते, देव जाणे.

टंचाई आली की किंमत चढते, किंमत चढली की सरकार ती बांधते. 1967 साली ट्रॅक्टरच्या किमतीवर नियंत्रण आले. 1971 साली, म्हणजे पूर्व सीमेवर निर्वासितांचे लोंढे येत होते आणि डिसेंबरात युद्ध पेटणार होते त्याच वर्षी, जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली ट्रॅक्टरच्या वाटप आणि विक्रीचाही हुकूम निघाला. केरोसीन, साखर यांच्या पंक्तीत ट्रॅक्टर जाऊन बसला. विक्रेत्याने नोंदणीचे रजिस्टर ठेवायचे, ज्याचे बुकिंग आधी त्याला गाडी आधी, बांधलेल्या किमतीच्या वर एक पैसा घ्यायचा नाही.

वाचायला हे अगदी न्याय्य वाटते. पण जरा हिशोब करून पाहा. बांधलेल्या किमतीला गाडी हवी असणारे शंभर, गाड्या वीस. उरलेल्या ऐंशींपैकी काही जण असे, की हंगाम हातचा जाऊ नये म्हणून ते जास्त पैसे द्यायला तयार आहेत. ते जास्तीचे पैसे कायद्याने कारखान्याला घेता येत नाहीत, विक्रेत्याला घेता येत नाहीत, सरकार घेत नाही. पण पैसे हवेत विरत नाहीत. ते जाऊन थांबतात ज्याच्या हातात नंबर आहे त्याच्याकडे. लोखंडाचा ट्रॅक्टर सरकारने बांधला, आणि कागदाचा ट्रॅक्टर, म्हणजे बुकिंगची पावती, बाजारात मोकळा सुटला.

आता मामांची गोष्ट सांगता येईल. मामीने सांगितली तशी सांगतो. मामांनी बुकिंग केले होते. दर महिन्याला ते धरमपेठेतून सायकल मारत विक्रेत्याकडे जात आणि विचारत, "काय जी, आमचा नंबर?" तिकडून ठरलेले उत्तर, "चाललाच आहे ना साहेब, सरकतो आहे." वर्ष गेले. दुसऱ्या वर्षी त्याच दुकानाबाहेरच्या पानठेल्यावर एकाने त्यांना बाजूला घेतले. म्हणाला, एका गावच्या एका जणाचा नंबर लागला आहे, पण त्याला गाडी घेणे जमत नाही. तुम्हाला पाहिजे असेल तर बोलून पाहतो.

ज्याचा नंबर लागला होता त्याची जमीन थोडी. तो खरा घेणारा होता, की कुणीतरी त्याच्या नावावर बुकिंग करून ठेवले होते, हे मामांनी विचारले नाही. विचारायचे नसते. एका दुपारी व्यवहार झाला. गाडीच्या किमतीचा ड्राफ्ट विक्रेत्याच्या नावाने, त्याची पक्की पावती. वरचे पैसे वर्तमानपत्रात गुंडाळून, पावती नाही. मामी म्हणते, त्या वर्तमानपत्रात तीन बैलजोड्या होत्या. म्हणजे तेवढ्या पैशांत तीन जोड्या आल्या असत्या. हा हिशोब तिने पन्नास वर्षे सांभाळून ठेवला होता.

नवी गाडी घेऊन लगेच दुसऱ्याला विकणे नियमात बसत नव्हते. म्हणून गाडी त्याच्याच नावावर राहिली, मामांना त्याने मुखत्यारपत्र दिले, एक साधी चिठ्ठी लिहून दिली, आणि दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. गाडी वावरात आली तेव्हा हळद-कुंकू लावून नारळ फोडला. सालदार आनंदाने म्हणाला, "मामा, आता बैलाइले आराम!" पुढच्या पोळ्याला मात्र बैलांबरोबर ट्रॅक्टरलाही झूल घातली, आणि त्या वर्षी एक जोडी विकली.

मामा याला काळाबाजार म्हणत नसत. ते म्हणत, 'सोय केली.' बाकी व्यवहारात ते काटेकोर होते. मजुराचे दोन आणे कधी ठेवून घेतले नाहीत, कर वेळेवर भरला. पण या एका बाबतीत त्यांना गुन्हा केल्यासारखे वाटत नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही ते ऐकताना तसे वाटले नाही. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मामांच्या पुढे रांगेत जे उभे होते, ज्यांच्याकडे तीन बैलजोड्यांचे वर्तमानपत्र नव्हते, त्यांचे काय झाले? त्यांच्यापैकी कुणाचा नंबर सरकला, कुणाचा आणखी मागे गेला, ते कुठल्याच रजिस्टरात सापडणार नाही.

अर्थतज्ज्ञ म्हणतील, किंमत बांधलीच नसती तर हा प्रकारच झाला नसता. ते बरोबर आहे, पण अर्धे. मोकळ्या बाजारात ट्रॅक्टर पहिल्यांदा मोठ्या जमीनदारांच्या वाड्यात गेले असते आणि ज्याच्या नावावर पाच एकर आहेत त्याने रांग पाहिलीही नसती. नियंत्रणाने निदान त्याला रांगेत उभे केले, आणि कधी कधी नंबर विकून चार पैसे मिळवायची संधी दिली, हेही खरे. मला विचाराल तर नियंत्रणाने ट्रॅक्टर स्वस्त झाला नाही. जो फरक कारखान्याला किंवा सरकारी तिजोरीला मिळाला असता, तो पानठेल्यावर वाटला गेला. बहुतेक वेळा त्यातला मोठा वाटा नंबरवाल्याला नव्हे, मधल्याला मिळाला.

ही रांग मोडली ती छाप्यांनी नाही. 1968 साली सरकारने ट्रॅक्टर उद्योग परवान्यातून मोकळा केला, त्याची फळे दोन-चार वर्षांनी दिसू लागली. 1971ला पिंजोरच्या एचएमटीत झेटरच इथे बनू लागला, पंजाबात 1974ला संपूर्ण देशी आराखड्याचा स्वराज आला, नाशिकला किर्लोस्करांनी ट्रॅक्टर काढला. 1970-71मध्ये देशात सुमारे 20 हजार ट्रॅक्टर बनले होते. 1980च्या आसपास आकडा 70 हजारांवर गेला. मधे 1973ला अरब-इस्रायल युद्धाने डिझेल भडकले आणि मागणी जरा थंडावली, तेही रांगेच्या पथ्यावर पडले. नंबरवाला ज्या झपाट्याने उगवला, त्याच झपाट्याने नाहीसा झाला. विक्रेते आता फोन करून 'साहेब, एक्स्चेंज ऑफर आहे' म्हणतात. देशात वर्षाला 9 लाखांच्या वर ट्रॅक्टर खपतात, आणि धरमपेठेतून अर्ध्या तासावर, हिंगणा एमआयडीसीत, महिंद्रांच्या कारखान्यातून ते ट्रकांवर लादून निघताना दिसतात. मामांनी ते दृश्य पाहिले होते. काही बोलले नाहीत. फक्त मोजत बसले.

युद्ध आणि ट्रॅक्टर यांची गाठ मात्र अजून सुटलेली नाही. 2022 साली युक्रेनमधल्या मेलितोपोल शहरातल्या एका विक्रेत्याच्या आवारातून रशियन सैनिकांनी ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर उचलून थेट चेचन्यापर्यंत नेले. तिथे पोचल्यावर ते चालूच होईनात, कारण मालकांनी दुरूनच त्यांना कुलूप घातले होते. गंमत अशी, की त्याच्या काही वर्षे आधी अमेरिकेतले शेतकरी स्वतःच्याच महागड्या ट्रॅक्टरचे कंपनीचे कुलूप फोडण्यासाठी चोरवाटेने सॉफ्टवेअर मिळवत होते, आणि त्यातले बरेचसे युक्रेनमधून यायचे. 1942 साली प्रमाणपत्र, 1971 साली नंबर, आता पासवर्ड. लोखंड शेतकऱ्याच्या दारात उभे असते, आणि ते चालवायची परवानगी दुसऱ्याच्या खिशात.

आमचा झेटर दहा-बारा वर्षांपूर्वी बंद पडला. विकायला काढला तेव्हा कळले की विकता येत नाही. ज्याच्या नावावर तो होता तो केव्हाच वारला होता, मुखत्यारपत्र त्याच्याबरोबरच संपले, आणि त्याचे वारस कुठे आहेत हे गावात कुणाला ठाऊक नव्हते. बँकेचा बोजाही पुस्तकात तसाच होता. कर्ज फिटले, पण नोंद कुणी काढली नव्हती. शेवटी तो गोठ्यामागेच राहिला.

तेव्हा वाचकांपैकी कुणी जुना ट्रॅक्टर घेत असेल, तर टायर आणि इंजिन पाहण्याआधी आरसी बुक मागा. त्यावरचे नाव समोरच्याचेच आहे का, चेसिसवर कोरलेला आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळतो का, ते स्वतः वाचून पाहा. बोजा उतरल्याचा 35 नंबरचा फॉर्म बँकेच्या शिक्क्यासह हातात घ्या, आणि 29 व 30 नंबरच्या फॉर्मवर विकणाऱ्याच्या सह्या झाल्याशिवाय पैसे देऊ नका. मुखत्यारपत्रावर तर नकोच.